हळदीचे फोटो: पिवळेपणा नेमका किती काढायचा?

जाईजुई
मागच्या आठवड्यात मामेबहिणीची हळद झाली. फोटोग्राफर फक्त लग्नाच्या दिवसापुरता ठरवलेला, त्यामुळे "तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे ना" या न्यायाने हळद माझ्या गळ्यात पडली. गच्चीवर मांडव. वर केशरी-पिवळं कापड, एका बाजूला कुंड्यांसाठी कायमची बांधलेली हिरवी शेडनेट, सकाळचे अकरा, लख्ख ऊन.

नवरी सावळी आहे. नितळ, तुकतुकीत सावळी. फोटोत मात्र ती एकात नारिंगी, पुढच्यात राखाडी आणि त्याच्या पुढच्यात कावीळ झाल्यासारखी दिसते आहे. तीन मिनिटांतले तीन फोटो हे! लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) 'ऑटो' दाबलं की चेहरा निळसर होतो आणि हळद सायीसारखी दिसते. मग कुठेतरी वाचलं होतं की ड्रॉपर (रंग उचलणारं टूल) घेऊन पांढऱ्या वस्तूवर टिचकी मारायची. मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर मारली, तर सगळे आणखी पिवळे!

एकूण ३४० फोटो आहेत. पहिले २०० रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल), मग कार्ड भरत आलं म्हणून बाकीचे जेपेग. चेहऱ्यावरचा पिवळेपणा काढायचा, पण हळद तर दिसली पाहिजे. कुठे थांबायचं? त्यात मामींचा रोज फोन, "फोटो दे, पण जरा उजळ करून दे हो." सुचवा काहीतरी.

कडीपत्ता
रुमाल टाकून ठेवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडेही हळद आहे.

निवांत_पाटील
सगळे ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. विचारलं तर 'कलात्मक' म्हणायचं.

घाटावरची
निवांत, हळदीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट? मग अंगाला पिठलं फासलंय असं वाटेल. :)

तिसरा_डोळा
जाईजुई, तीन मिनिटांत तीन रंग कसे आले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता ना? म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरं ठेवायचं काम कॅमेऱ्यावरच सोडलेलं. ऑटोचा जुना, मूळ हिशेब असा की समोरच्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी यायला हवी. सरासरी पिवळी आली की तो ठरवतो, उजेडच पिवळा आहे, आणि चित्रात निळा ओततो. नवीन कॅमेरे याहून हुशार आहेत, पण पिवळी साडी, पिवळी हळद, झेंडूच्या माळा आणि वर पिवळं कापड एवढं एकदम समोर आलं की तेही गडबडतात. नवरीचा जवळून फोटो घेतलात तेव्हा चौकट पिवळ्याने भरली, म्हणून चेहरा राखाडी झाला. जरा मागे सरकलात, पांढरा कठडा आणि आभाळ आत आलं, मग कॅमेऱ्याने हात आखडता घेतला आणि ती नारिंगी झाली. उजेड तोच होता, कॅमेऱ्याचं मत बदललं.

म्हणून रॉ असलेले २०० फोटो आधी सगळेच्या सगळे एकाच केल्व्हिनवर (उजेडाच्या रंगाचा आकडा) आणा. मांडवाखालचा एक फोटो नीट करा आणि तीच सेटिंग बाकीच्यांवर चिकटवा. एकेक फोटो वेगवेगळा सुधारत बसलात तर पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल.

जेपेगमध्ये हे जमत नाही. तिथे कॅमेऱ्याने रंग आधीच शिजवून टाकलेला असतो. म्हणून तर जेपेग उघडलं की लाइटरूम केल्व्हिन न दाखवता नुसतं उणे १०० ते अधिक १०० दाखवतं. ते १४० फोटो एकेक करून, शेजारी चांगला रॉ फोटो ठेवून, नजरेनेच जुळवावे लागतील.

जाईजुई
अच्छा, म्हणजे मी फोटो-फोटोप्रमाणे भांडत होते तो मूर्खपणाच होता. पण तो एक फोटो 'नीट' कशावरून करू? धोतराने तर दगा दिला.

डार्करूम
तिसरा_डोळा यांनी सांगितलं ते वाचून माझे लॅबचे दिवस आठवले. १९८९ पासून पंधरा-सोळा वर्षं मी मिनीलॅबवर (फिल्म धुऊन प्रिंट काढणारं दुकानातलं मशीन) प्रिंट काढली आहेत. त्या मशीनचंही हेच दुखणं होतं, सगळ्याची सरासरी राखाडी. लग्नसराईत रोल यायचे, नवरी लाल शालूत, मागे लाल मखमलीचा पडदा. मशीनला वाटायचं निगेटिव्हवर लाल फार झालाय, काढून टाकू. की नवरीचा चेहरा पाण्यात चार तास बुडवून काढल्यासारखा हिरवट-निळा! आम्ही स्क्रीनवर बघून पिवळा, मजेंटा (गडद गुलाबी), सायन (हिरवट निळा) आणि घनतेची (उजळ-गडदपणाची) बटणं हातानं मारायचो. दोन मजेंटा, एक पिवळा, घनता एक खाली. नवा पोरगा मशीनवर बसला की त्या दिवशी गावातल्या सगळ्या नवऱ्या आजारी दिसायच्या.

सांगायचं म्हणजे, आम्ही शालू किंवा पडदा बघून बटण मारत नव्हतो. आधी चेहरा बघायचो. शालू थोडा इकडेतिकडे झाला तर कुणी परत येत नाही. चेहरा बिघडला की दुसऱ्या दिवशी अख्खं कुटुंब काउंटरवर.

शमा_टोरांटो
डार्करूमकाका, मस्त आठवण! तुमच्या लॅबमध्ये शर्लीचं कार्ड होतं का हो?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोडॅक लॅबवाल्यांना प्रिंटर जुळवण्यासाठी नमुन्याचं छायाचित्र पाठवायची. त्यात एक गोरीपान बाई. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून पुढे मॉडेल बदलल्या तरी कार्डाला शर्लीच म्हणायचे. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. म्हणजे जगभरातल्या लॅबमध्ये 'बरोबर त्वचा' ठरली ती तिची. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकाच कार्डावर यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. असंही सांगतात की सावळ्या-काळ्या रंगातले बारकावे फिल्मवर यावेत म्हणून आधी कुरकुर केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी. माणसांचा नंबर नंतर लागला.

डार्करूम
होती की. ती बाई पंधरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, घरच्यांपेक्षा जास्त. तिचं नाव शर्ली हे मात्र आज कळलं.

आणि खरं सांगू का, तिच्यावर मशीन जुळवून आपल्याकडची प्रिंट काढली की माणसं मातकट यायची. मग आम्ही आमचंच कार्ड केलं, काउंटरवरच्या सहकाऱ्याच्या फोटोचं. तो चांगला काळासावळा होता. रोज सकाळी आधी त्याची प्रिंट काढायची, तो बरोबर आला की दुकान चालू.

तर्कट
शर्लीची गोष्ट जरा फुगवून सांगितली जाते असं माझं मत. फिल्मचा आवाकाच मर्यादित होता. पांढरा शर्ट आणि सावळा चेहरा एकाच फोटोत धरायचे तर एकाचं नुकसान होणारच. त्यात प्रत्येक वेळी हेतू शोधू नये.

शमा_टोरांटो
तर्कट, हेतू कुठे म्हणाले मी? आवाका मर्यादित होता हे मान्यच. पण मर्यादित आवाक्यात कुणाला आधी बसवायचं, हे कुणीतरी ठरवलंच ना? गिऱ्हाईक कोण आहे ते बघून ठरवलं. फोनवालेही आत्ता कुठे जागे झाले आहेत. गूगलने पिक्सेल ६ मध्ये, २०२१ साली, गडद त्वचेसाठी कॅमेरा वेगळा जुळवला. २०२२ मध्ये दहा छटांची 'मंक' पट्टी काढली, एलिस मंक या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांसोबत. त्याआधी सर्रास वापरायची ती फिट्झपॅट्रिक पट्टी. ती १९७५ ची, उन्हाने त्वचा किती भाजते ते मोजायला केलेली, आणि सुरुवातीला तर फक्त गोऱ्यांसाठीच.

निवांत_पाटील
आपल्याकडे पट्ट्यांची गरज नाही. गोरी, निमगोरी, गव्हाळ. वधू-वर सूचक मंडळात चौथी छटाच नाही.

घाटावरची
गव्हाळ म्हणजे पण कोणता गहू? लोकवन, शरबती की खपली? आमच्या सासूबाईंनी गव्हाळ सांगून आणलेली मी चक्क खपली निघाले.

कडीपत्ता
घाटावरची, हहपुवा =))

तर्कट
गहू बाजूला ठेवा. जाईजुईंचा प्रश्न राहिला. व्हेक्टरस्कोप नावाचा एक आलेख असतो, व्हिडिओवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बघायला मिळतो. त्यात त्वचेसाठी एक रेघ असते, लाल आणि पिवळ्याच्या मधली. गोरा असो की काळा, नीट उजेडात कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. फरक उजळ-गडदचा आणि रंगाच्या जोराचा. म्हणजे 'सावळी आहे म्हणून वेगळा रंग' असं काही नाही.

तिसरा_डोळा
रेघ उपयोगी आहे, पण हिच्या बाबतीत ती फसवेल. चेहऱ्यावर हळदच लावली आहे तर रंग पिवळ्याकडे जाणारच, आणि गेलाच पाहिजे. रेघेवर आणायला गेलात तर हळद धुऊन निघेल. मोजायचं असेल तर हळद न लागलेली जागा शोधा. कानामागे, दंडाची आतली बाजू, पाठ. किंवा हळद लागायच्या आधीचे, पाटावर नुसती बसलेली असतानाचे फोटो.

लाइटरूममध्ये माउस त्वचेवर नेला की वरच्या आलेखाखाली लाल, हिरवा, निळा यांचे टक्के दिसतात. त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा, हा क्रम राहिला पाहिजे. निळा हिरव्याच्या वर गेला की चेहरा जांभळट दिसणार. हिरवा लालला टेकला की शेवाळ. आणि निळा शून्याजवळ गेला तर एकतर ती हळद आहे, नाहीतर तुमचा उजेड फारच पिवळा आहे.

निवांत_पाटील
एक कबुली देऊ का? मागे आमच्या सोसायटीच्या गणपतीचे दीडशे फोटो रात्री बसून 'सुधारले'. सगळे छान उबदार दिसत होते, तरी म्हटलं थोडं निळं करू. सकाळी बघतो तर सगळी मंडळी स्मर्फ, कार्टूनमधले ते निळे बुटके. लॅपटॉपवर नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) चालू होता.

तिसरा_डोळा
हसू नका, हे प्रत्येकानं एकदा केलेलं असतं. जाईजुई, तेही आधी बंद करा. फोनवर बघत असाल तर तिथलाही 'डोळ्यांना आराम' वगैरे प्रकार बंद.

घाटावरची
मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण धोतराचं सांगते. जाईजुई, मामांचं धोतर घरी धुतलेलं होतं ना? मग त्याला नीळ घातलेली असणार. लग्नाचं धोतर म्हणजे मामींनी दोन थेंब जास्तच घातले असतील. ते पांढरं नाहीच मुळी, निळं आहे.

तिसरा_डोळा
घाटावरची, दंडवत स्वीकारा!! अगदी हेच. नीळ नसली तरी कपड्याच्या साबणात चमक आणणारी रसायनं असतात, ती उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात. ड्रॉपरला सांगितलं 'हे पांढरं आहे', त्याला दिसलं निळं, म्हणून त्याने पिवळा वाढवला. धोतर, सदरा, टोपी, पांढरी साडी, सगळी या बाबतीत खोटारडी. डोळ्यातला पांढरा भाग आणि दातही तसेच. ते राखाडी-पांढरे नसतातच, तिथे टिचकी मारून चेहरा सुधारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खरा उपाय म्हणजे राखाडी कार्ड. स्टुडिओवाले वापरतात ते, १८ टक्के उजेड परत फेकणारं. हळद सुरू व्हायच्या आधी नवरीच्या हातात देऊन एक फोटो काढायचा. पण ती वेळ गेली.

कडीपत्ता
एक बावळट प्रश्न. पाटाभोवती रांगोळी असते ना? ती पांढरी आणि त्याच मांडवाखाली. तिला कुणी नीळ घालत नाही. तिच्यावर टिचकी मारली तर?

तिसरा_डोळा
…कडीपत्ता, हा धागा इथेच बंद करायला हरकत नाही. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, चमक नाही, नीळ नाही. फक्त दोन गोष्टी बघा. रांगोळीवर थेट उन्हाचा कवडसा नको, कारण ती जळून नुसतीच कोरी पांढरी झाली तर तिच्यात रंगाची माहितीच उरत नाही. आणि हळद सांडलेली जागा नको.

डार्करूम
मी भर घालतो. ड्रॉपरने येतो तो हिशेबाचा रंग. तो जसाच्या तसा ठेवू नका. केशरी मांडवाखाली बसलेली माणसं डोळ्यालाही थोडी केशरी दिसतच होती. सगळा केशरी काढला तर फोटो सरकारी कचेरीत काढल्यासारखा दिसेल. हिशेबापर्यंत जा आणि तिथून दोन पावलं मागे या.

जाईजुई
झालं!! रात्री दीडपर्यंत बसले होते. पाटाच्या डाव्या कोपऱ्यात गोपद्मांची ओळ होती, सावलीत, कुणी पाय न दिलेली. मोठं करून एका पावलावर टिचकी मारली. केल्व्हिन ३८५० वर आलं आणि टिंट (हिरवा-मजेंटा तोल) अधिक १२. एकदम पडदा बाजूला केल्यासारखं झालं. मागचा कठडा पांढरा, आणि दंडावर बघितलं तर ५२, ३८, २९. क्रम बरोबर! मग काकांचं ऐकून ४२५० पर्यंत, म्हणजे थोडं पुन्हा केशरीकडे, मागे आले, तर मांडवही मांडव वाटायला लागला.

आता राहिलेल्या दोन अडचणी. शेडनेटच्या बाजूचा गाल अजून हिरवट आहे आणि हनुवटीखाली गडद पिवळा डाग दिसतो, तिथे हळद नव्हती. आणि मामींचं 'उजळ'.

तिसरा_डोळा
गाल: हा मिसळलेला उजेड, एका सेटिंगने दोन्ही बाजू सुधारत नाहीत. चेहऱ्याच्या फक्त त्या बाजूला ब्रशने मास्क करा (तेवढाच भाग निवडा), कडा मऊ ठेवा, टिंट मजेंटाकडे थोडा. हनुवटीखालचा पिवळा म्हणजे साडीवरून उसळलेला उजेड. तिथेही मास्क, पण रंगाचा जोर थोडाच कमी करा, पूर्ण काढला तर मान कापून चिकटवल्यासारखी दिसते.

लाइटरूममधली नारिंगी रंगाची सरकपट्टी मात्र सांभाळून. त्वचा बहुतेक नारिंगीत असते आणि हळद पिवळ्यात, पण ओली हळद आणि सावळी त्वचा एकमेकांच्या हद्दीत शिरतात. नारिंगीचा जोर उतरवला की सावळा चेहरा राख फासल्यासारखा होतो. 'गोरं करा' म्हटलं की बहुतेक स्टुडिओवाले हेच करतात, जोर खाली, उजळपणा वर. आणि वर गुलाबी.

तर्कट
पण मामींना तेच हवं असेल तर? फोटो त्यांच्या मुलीचे आहेत. क्रीमवाल्यांनी २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, घरातलं कोण काढणार?

शमा_टोरांटो
फोटो मुलीचे आहेत, मामींचे नाहीत. तिला विचारा.

डार्करूम
भांडू नका. गिऱ्हाईक 'उजळ' म्हणतं तेव्हा दर वेळी त्याला गोरंच हवं असतं असं नाही. पुष्कळदा चेहरा खरंच अंधारात असतो. पांढरं आभाळ मागे असलं की कॅमेरा घाबरतो आणि चेहरा काळवंडवतो. त्याला रंगाचं बटण नाही, घनतेचं बटण लागतं. जाईजुई, तू रंगाला हात न लावता फक्त चेहऱ्यावरचा उजेड अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून दाखव. माझ्याकडची निम्मी 'गोरं करा' मंडळी तेवढ्यावर खूश होऊन जायची.

घाटावरची
आणि उरलेली निम्मी?

डार्करूम
उरलेल्यांना सांगायचो, मशीनला तेवढंच येतं.

निवांत_पाटील
अवांतर: संध्याकाळी डीजे होता का? आमच्याकडे हळदीला त्या जांभळ्या अतिनील दिव्यांखाली नवरा अक्षरशः हिरवट चमकत होता. हळदीत तो गुण असतो म्हणे. लहान पोरं घाबरून रडायला लागली.

तिसरा_डोळा
खरं आहे, हळदीतलं कर्क्युमिन अतिनील उजेडात चमकतं. ते फोटो सुधारायच्या भानगडीत पडू नका, तसेच ठेवा. डीजेच्या एकरंगी दिव्यांखालचे चेहरे तसेही सुधारत नाहीत. उजेडात जे रंग नव्हतेच ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? स्वस्त एलईडीचंही तेच. त्यात गडद लाल कमी असतो, म्हणून हॉलमध्ये माणसं निस्तेज दिसतात आणि कुंकू विटकरी.

कडीपत्ता
म्हणजे पुढच्या महिन्यासाठी यादी: राखाडी कार्ड, मोठं मेमरी कार्ड, पांढऱ्या कापडाचा मांडव, डीजेला सुट्टी. शेवटचं माझ्या हातात नाही.

जाईजुई
चार दिवसांनी येते आहे. मामींना दोन प्रती दाखवल्या, कुठली कशी केली ते न सांगता. एकीत फक्त चेहऱ्यावरचा उजेड वाढवलेला, दुसरीत मुद्दाम स्टुडिओछाप गोरी केलेली. मामींनी दुसरी बघून विचारलं, "ही कोण?" मग पहिली हातात धरून बराच वेळ बघत बसल्या. नवरीबाईंनी तोवर ती डीपीला लावलीसुद्धा.

पण आज लॅबमधून अल्बमची नमुना पानं आली आणि सगळं पुन्हा निळसर! हळद साय झाली परत!

डार्करूम
त्यांच्याकडे ऑटो करेक्शन चालू असणार. तू दिवसभर काढलेला रंग त्यांचं मशीन एका सेकंदात पुसतं. फायली एसआरजीबीत (रंगांचा नेहमीचा साचा) दे आणि ऑर्डरवर ठळक लिही: 'रंगात कसलाही बदल नको.' आणि आधी एकच पान काढून घे.

जाईजुई
लिहून देऊन आले काका. काउंटरवरच्या मुलाने वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "रंग नको बदलायला, कळलं ताई. फक्त नवरीला थोडं गोरं करू ना?"

घाटावरची
त्याला म्हणावं मशीनला येत नाही.